पाच डब्या आणि एक बाण यांबाबत

प्रति,
मा. मुख्य संशोधन अधिकारी,
क्षयरोग निदान व उपचार संशोधन केंद्र,
दुसरा मजला (लिफ्ट कायम बंद).

अर्जदार: गादी कारखान्याची मालकीण, वय सदुसष्ट, शिक्षण चौथी पास.

विषय: माझ्या घरातील चार माणसांची नावे सोमवारच्या आत रोग्यांच्या यादीतून काढण्याबाबत.

संदर्भ: १) आपले पत्र, जावक क्रमांक ३१७.
२) आपल्या चष्मेवाल्या डॉक्टरांनी माझ्या दुकानात पसरलेला रंगीत नकाशा.

महोदय,

अर्ज मी माझ्या हाताने लिहीत आहे. अक्षर मोठे आहे, ती आपलीच सोय समजावी. मागे दुसऱ्या कामाचा अर्ज आणला तेव्हा आपल्या खिडकीवरच्या माणसाने नुसता विषय वाचला आणि “आजी, उद्या या” म्हणून खिडकी लावून घेतली. मी त्याची आजी नाही. असते तर त्याला वाचायची सवय लावली असती. तरी हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा, कारण कामाची गोष्ट मध्ये आहे आणि ती मी एकदाच लिहिणार आहे.

१. आमचा गाद्या-उशा भरण्याचा कारखाना आहे. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. घरात मी, थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि माझा धाकटा मुलगा, अशी पाच माणसे. खाली कापूस पिंजायचे मशीन आहे. ते सुरू झाले की समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. त्यामुळे आमच्याकडे खोकणाऱ्याला कोणी “काय झालं” म्हणून विचारत नाही. न खोकणाऱ्याला विचारतात, आज काम केलं नाहीस का.

२. मशीन चालवायला अकरा वर्षे एकच कारागीर होता. माझी नात त्याला मशीनमामा म्हणते. चार महिन्यांपूर्वी त्याला क्षय निघाला, तोही नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. पूर्वी जे कळायला दोन महिने लागायचे ते आता केंद्रातले मशीन दोन तासांत सांगते, असे आपल्या माणसांनी मला तीनदा सांगितले. मला पहिल्यांदाच कळले होते. मी त्याच दिवशी त्याला कामावरून काढले. भर रस्त्यात त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, समोरच्या चांभाराला विचारावे, त्याला पाठ आहे.

३. त्यानंतर कारागिराच्या जवळची माणसे तपासायची म्हणून आपल्याकडच्या एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांना मी डबीवाल्या बाई म्हणते. त्यांनी पाच डब्या दिल्या, प्रत्येकीवर नंबराची चिठ्ठी. सकाळी उठल्यावर खोल खोकून बेडका काढायचा आणि डबीतल्या दुसऱ्या रेघेपर्यंत भरायचा. आम्ही भरल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझी डबी घेतली आणि बाकीच्या चार माझ्याच टेबलावर मांडून म्हणाल्या, “मावशी, ही नुसती लाळ आहे. हे चालणार नाही. या नव्या डब्यांत परत भरून द्या.” समोर गिऱ्हाईक बसलेले होते.

४. साहेब, या कारखान्यातून गेलेली गादी चाळीस वर्षांत परत आलेली नाही. टाका उसवला म्हणून नाही, कापूस गोळा झाला म्हणून नाही. आमच्याकडे रीत अशी आहे की दुसऱ्याच्या हातचे काम कच्चे राहिले तर ते मी उसवते आणि मी पुरे करते, पण माल पुरा जातो.

५. पुढचे आपण समजलाच असाल. नसाल समजला, तर लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातले उठायच्या आत मी मोरीपाशी बसून चारही डब्या भरल्या. मला त्रास पडला नाही. रेघेपर्यंत भरल्या, झाकणे घट्ट लावली, कडा पुसल्या आणि बाई आल्यावर ओळीने मांडून दिल्या. बाई म्हणाल्या, “वा मावशी, आता कसं.” घरच्यांना मी सांगितले, कालचेच चालले. त्यांचीही कटकट मिटली.

६. यात माझी चूक आहे हे मी मान्य करते. एकदा केले, पुन्हा लिहायला लावू नये. आता आपल्या चुका वाचाव्यात, त्या जास्त आहेत.

७. पाचही डब्यांत क्षय निघाला. आपल्या केंद्रात आनंद झाला. मी खोटे लिहीत नाही, चष्मेवाले डॉक्टर दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा पेढे वाटणाऱ्यासारखा होता. त्यांनी भरलेल्या उशांवर रंगीत नकाशा पसरला. त्यात सहा गोल होते. एक मशीनमामाचा, पाच आमचे. आता जंतूची सगळी वंशावळ वाचता येते, कोणाचा जंतू कोणाकडून आला ते अक्षर अक्षर जुळवून कळते, असे ते म्हणाले. आमच्या पाच गोलांना जोडणाऱ्या रेघांवर शून्य लिहिले होते, म्हणजे पाच माणसांच्या जंतूंत एका अक्षराचाही फरक नाही. एका घरात एवढे स्वच्छ शून्य त्यांनी कधी पाहिले नव्हते. ते हे मोठ्या सभेत वाचून दाखवणार आहेत. मशीनमामाचा गोल एका अक्षराने वेगळा, आणि त्याच्यापासून आमच्या घराकडे एक लाल बाण.

पाच गाद्या वजनाला एकसारख्या भरल्या तर मी लगेच ओळखते की त्या एकाच माणसाने भरल्या आहेत. ही अक्कल चौथी पासला आहे.

८. छातीचे फोटोही काढले होते. ते आता कम्प्युटर वाचतो आणि शंभरपैकी मार्क देतो. जास्त मार्क म्हणजे नापास. मला एक्याण्णव पडले. बाकी चौघांना तीन, चार, सहा आणि नातीला दोन. माझ्या फोटोत उजवीकडे वर कोणीतरी मूठभर कापूस कोंबल्यासारखा पांढरा ढग आहे, तो मलाही दिसला. त्यांचे चार फोटो धुतलेल्या काचेसारखे. मी डॉक्टरांना विचारले, हे कसे. ते म्हणाले, फोटो स्वच्छ असून बेडक्यात जंतू सापडणे यावर हल्ली फार संशोधन चालू आहे, मावशी, तुमचं घर त्याचा उत्तम नमुना आहे. म्हणजे चार फोटो एक गोष्ट ओरडून सांगत होते, कम्प्युटरही तेच सांगत होता, आणि आपल्या डॉक्टरांनी त्या दोघांना गप्प करून माझ्या डब्यांवर विश्वास ठेवला.

९. त्याहून मोठी चूक. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, ती गिळतात. हे मुले वाढवलेल्या कोणत्याही बाईला माहीत असते आणि आपल्या पुस्तकातही असणार. तरी नऊ वर्षांच्या मुलीच्या नावाची डबी दुसऱ्या रेघेपर्यंत भरून आली तेव्हा इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकानेही विचारले नाही की हे आले कुठून. विचारले असते तर मी सांगितले असते. निदान मला तसे वाटते.

१०. तो नकाशा पाहून मी सुनेला बोलले. ती महिनाभर खोकत होती, पिंजण चालते तेव्हाच खोकत होती, पण मी तिचे ताट आधीच वेगळे केले होते. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटले, “तुझ्याच पायाने हे घरात आलं, मशीनशी जाऊन त्या माणसाला चहा तूच देत होतीस.” ती मला उलट बोलत नाही, तिची ती सवय मला कधी आवडली नाही. तिने मुलीच्या शाळेचे दप्तर घेतले, दोन कपडे घेतले आणि आईकडे गेली. जाताना मला वाकून नमस्कार करून गेली. तो नमस्कार मला अजून टोचतो आहे.

११. आता आपले पत्र क्रमांक ३१७. त्यात लिहिले आहे की सोमवारी सकाळी नऊ वाजता सुनेच्या आईच्या घराजवळच्या केंद्रात सून व नात यांची औषधे सुरू होतील, आणि मुलगे इथे घेतील. पूर्वी या हट्टी जंतूला दीड-दोन वर्षे आणि रोजची इंजेक्शने लागत, आता सहा महिने नुसत्या गोळ्या, हे चांगले आहे, मी नावे ठेवत नाही. पण डबीवाल्या बाईंना मी खोदून विचारले. त्या म्हणाल्या, पायांना मुंग्या येऊ शकतात, रक्त कमी होऊ शकते, नजर तपासत राहावी लागते. आणि ही सहा महिन्यांची नवी पद्धत नातीच्या वयाला अजून लागू नाही, म्हणून तिला वेगळ्या गोळ्या, जास्त महिने. ज्या मुलीच्या छातीला शंभरात दोनच मार्क आहेत, जी दोरीवरच्या उड्या शंभर मोजून मारते, तिच्या पायांना मुंग्या यायच्या त्या माझ्या खोकल्यामुळे.

हे मी होऊ देणार नाही. आपण होऊ दिलेत तर मी आपल्या दोन मजल्यांच्या पायऱ्यांवर बसेन आणि खोकेन. मास्क लावून खोकेन, पण खोकेन.

१२. उशीर का केला, असे आपण विचाराल. सरळ उत्तर देते. मशीनचे उत्तर आले तेव्हा मला वाटले मशीन खोटे. वंशावळीचा नकाशा आला तेव्हा वाटले डॉक्टर वेडे. माझा फोटो पाहिला तेव्हा कळले की खरे काय आहे, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत नऊ दिवस मी गप्प बसले, कारण मी ज्या तोंडाने सुनेला बोलले त्याच तोंडाने आता काय सांगायचे ते मला सुचले नाही. ते अजूनही सुचलेले नाही, म्हणून लिहीत आहे.

१३. आता तो बाण. नकाशातला लाल बाण मशीनमामाकडून माझ्या घरात येतो. डॉक्टरांनी त्याला विचारले, खोकला कधीपासून. तो म्हणाला, सहा-सात महिने. मला विचारले तेव्हा मी म्हणाले, मला खोकला नाही, कापूस आहे. खरे उत्तर असे: मागच्या वर्षीच्या थंडीपासून. या उन्हाळ्यात दोनदा रक्त पडले, ते मी खोळींच्या चिंध्यांत पुसून चुलीत घातले. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून त्याला काहीही सांगायचे तर मी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडत असे. दिवसातून पन्नास वेळा. तो मान खाली घालून ऐकत असे.

वंशावळ वाचणाऱ्यांनी बाण काढण्याआधी घरातल्या म्हातारीला दुसऱ्यांदा विचारायला हवे होते. बाण उलटा करावा.

१४. तरी मागणी अशी:

अ) सोमवारच्या आत चौघांची नावे काढावीत व औषधे थांबवावीत. त्यांना पुन्हा तपासावे, पण प्रत्येकाने स्वतःची डबी केंद्राच्या माणसासमोर भरावी आणि मला त्या वेळी खोलीबाहेर काढावे. मुलीला डबी देऊच नये. जिभेवर काडी फिरवून तपासायची नवी पद्धत येत आहे असे बाई म्हणाल्या, ती असल्यास वापरावी, नाहीतर मुलांच्या डॉक्टरांना विचारावे. पुढे रोग होऊ नये म्हणून काही द्यायचे ठरले तर ते त्यांच्या स्वतःच्या तपासणीवरून ठरावे, माझ्या नव्हे.

ब) सुनेला केंद्राच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी पत्र जावे. त्यात माझे नाव घालून लिहावे की डब्या कोणी भरल्या आणि रोग कोणाचा आहे. मी सांगितले तर ती “बरं, आई” म्हणेल आणि जिथे आहे तिथेच राहील. शिक्का असला की ती मानते.

क) तसेच पत्र मशीनमामाला. त्याची जागा मी भरलेली नाही. मशीन चार महिने बंद आहे, मुलगे हाताने पिंजतात आणि वाईट पिंजतात.

ड) माझे औषध सोमवारी नऊ वाजता सुरू करावे. मी साडेआठला येईन. डबीवाल्या बाई म्हणतात की हा रोग ताटाने पसरत नाही. तरी सुनेसाठी वेगळे काढलेले ताट मी माझ्याकडे घेतले आहे आणि त्यातच जेवते. ते रोगासाठी नाही, हे आपल्याला कळेल अशी आशा आहे.

इ) सभेत आमचे शून्य वाचून दाखवू नये. दाखवायचेच असेल तर पुढे हेही वाचावे.

१५. आपण व आपली माणसे शिकलेली आहात, मशीनेही चांगली आहेत, दोन तासांत खरे सांगतात. पण डबीत काय टाकले तेच ती सांगणार. डबी कोणी भरली हे विचारायला माणूस लागतो, तो आपल्याकडे कमी आहे. भरती करावी.

हा अर्ज मी टपालात टाकणार नाही. आज सकाळीच जिने चढून, मध्ये दोनदा बसून, स्वतः खिडकीवर देईन आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.

चुकले ते माझे, राहिले ते आपले, असे समजून कळावे.

आपली,
(कोणापुढे नम्र व्हायची सवय नाही, म्हणून नुसतेच आपली)
गादी कारखान्याची मालकीण
सही: डाव्या बाजूला केली आहे, उजवीकडची जागा पोचेच्या शिक्क्यासाठी ठेवली आहे.

दिनांक: १४, शनिवार

सोबत:
१. आपले पत्र क्रमांक ३१७, परत.
२. माझ्या छातीचा फोटो, एक.
३. डबी, एक, भरलेली. तीन पिशव्यांत बांधून. माझी.
४. डब्या, तीन, रिकाम्या (मुलीची नाही). धुतलेल्या नाहीत, बाईंकडून मागून घेतलेल्या नव्या, न वापरलेल्या आहेत. ज्यांच्या त्यांना द्याव्यात.