रस्त्याकडचे हिरवे वाफे

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या खोलीत आता 'नवोपक्रम कक्ष' आहे. दारावर पाटी आहे, आत एसी आहे, उपक्रम तेवढा यायचाय. तुमचं मातीच्या नमुन्यांचं कपाट जिन्याखाली गेलं. मुद्द्यावर ये, असं तुम्ही म्हणाल. येते. शाश्वत आणि सेंद्रिय शेतीच्या संशोधनाला विद्यापीठाने बीजभांडवल काढलं आणि ते मला मिळालं. हो, मलाच, आणि सेंद्रियसाठीच. नाक मुरडून झालं असेल तर पुढे वाचा.

तुम्ही हा विषय कधी दारात उभा केला नाहीत. देवळालीला तोफांचा सराव चालू असला की तुम्ही वाक्य मध्येच थांबवायचात, आवाज जाऊ द्यायचात आणि नेमक्या त्याच शब्दावरून पुढे सुरू व्हायचात. "शेण हा," मग धडाम, मग "पुरावा नाही." अख्खा वर्ग हसला, तुम्ही नाही. एकदा रविवारी तुमच्या घरी गेले तर काकू चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापतायत, तुम्ही पाटावर बसून जेवताय आणि मी उभ्या उभ्या वाद घालतेय की तुमच्या सुरगाण्यात पूर्वी सगळं सेंद्रियच होतं ना. तुम्ही घास खाली ठेवला. "माझ्या बापाने युरिया कधी पाहिलाच नव्हता. त्याची शेती सेंद्रिय नव्हती, नाइलाजाची होती. उपाशी माणसाला उपवास केलास म्हणून शाबासकी देऊ नकोस." काकू म्हणाल्या, "अहो, पोरीला आधी बसू तरी द्या." मी बसले, भाकरी खाल्ली आणि तरी म्हणाले, "मग मला पुरावा काढू द्या ना, सर." तुम्ही म्हणालात, "काढ. पण जो निघेल तो ठेवायचा. आवडेल तो नाही."

तर मी काढायला घेतला. महाविद्यालयाच्या शेतावर उन्हाळ कांदा लावला. काही वाफ्यांना रासायनिक खत, काहींना कंपोस्ट आणि जीवामृत, काहींना काहीच नाही. थंडीत कंपोस्ट सावकाश लागू होतं, हे तुम्हीच शिकवलेलं. त्यामुळे माझे सेंद्रिय वाफे कावीळ झाल्यासारखे पिवळट दिसत होते आणि मला त्याची काळजी नव्हती. पुढे सावरतात की नाही, हेच तर बघायचं होतं. पण मध्येच विद्यापीठाच्या समितीची भेट ठरली. दुसऱ्या वर्षाचा हप्ता द्यायचा की नाही, ते या भेटीनंतर ठरणार होतं. वाफ्यापेक्षा मोठा फ्लेक्स लागला. फेटे आले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुरकट चिमण्या फोटोत येतील म्हणून फोटोग्राफरने पाहुण्यांना कुठे उभं करायचं तेही ठरवलं, कारण शाश्वत शेतीच्या मागे धूर बरा दिसत नाही.

त्या सकाळी शेतावर पोचले तर रस्त्याकडचे सेंद्रिय वाफे काळेभोर हिरवे. आतले होते तसेच पिवळे. आमचे शेत अधीक्षक कडक इस्त्रीत उभे, चेहऱ्यावर लग्नघरातल्या मामासारखा आनंद.

"काय टाकलंत?" मी विचारलं.

"काय नाय वो मॅडम. लय पिवळे दिसत होते. मागल्या आठवड्यात थोडा युरिया फेकला. मूठ-मूठच."

"सेंद्रिय वाफ्यात?"

"पोरगी दाखवायला बसवायची तर तोंडाला पावडर लावतात का नाय?"

"ते लग्न असतं. हा प्रयोग आहे."

"अन् पाहुणे तर पाहुणेच ना," ते म्हणाले.

सर, यात लबाडी नव्हती, हेच तर अवघड. आपल्याकडे आलेल्या माणसाला उणं काही दाखवायचं नाही, अशी ही माणसं. घरात साखर नसली तर शेजारून आणतील, पण बिनसाखरेचा चहा पुढे करणार नाहीत. त्यांनी माझी अब्रू राखली होती. प्रयोग तेवढा मारला. कंपोस्टने काय होतं ते आता त्या वाफ्यांना विचारून उपयोग नव्हता, आणि एकटे आतले वाफे निष्कर्षाला पुरणारे नव्हते.

समिती आली. अध्यक्ष नेमके त्याच वाफ्यांपाशी थांबले आणि म्हणाले, "वा! ही सेंद्रियची कमाल." मला तुमची शिवारफेरी आठवली. मी विद्यार्थिनी होते, माझा जळालेला वाफा पाहुण्यांपासून लपवत उभी होते आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "बाजूला हो. लोक तुझ्यामागचं बघायला आलेत, तुला नाही." तर मी बाजूला झाले. स्पष्ट म्हणाले, "सर, ही युरियाची कमाल आहे. या वाफ्यांना युरिया पडलाय. हे आता सेंद्रिय नाहीत."

मग अध्यक्ष खदखदून हसले. त्यांच्यामागे सगळी समिती हसली. "मॅडम, रविवारचे तुमचे लेख वाचतो आम्ही. काय तिरकस लिहिता हो!" इतकी वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टर उडवत आले, त्याची ही शिक्षा. आयुष्यात एकदा सरळ बोलले आणि तोही विनोद ठरला. मी पुन्हा सांगितलं तर ते डोळे पुसत पुढे गेले. प्राचार्यांनी माझ्या कोपराला हलकेच धरून मला चहाच्या टेबलाकडे वळवलं.

मग अहवाल. प्राचार्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला. "वाफे वगळू नका, 'युरिया' हा शब्द वगळा. 'समाधानकारक' एवढंच लिहा. हप्ता येऊ दे, पुढच्या वर्षी काय ते खरं करा." मी म्हणाले, खरं पुढच्या वर्षावर ढकलायचं म्हणता, तुमची बढतीही दरवर्षी अशीच पुढच्या वर्षावर ढकलली जाते ना? हे बोलायला नको होतं, पण बोलले, आणि परत बोलेन. अहवालात लिहिलं: रस्त्याकडच्या वाफ्यांना चुकून युरिया दिला गेला, म्हणून यंदाचा निष्कर्ष काढता येत नाही, प्रयोग पुन्हा करावा लागेल. अधीक्षक दारात येऊन उभे राहिले. "माझं नाव घातलं का?" नाही, म्हटलं. ते तरीही हलले नाहीत. "मॅडम, तुमचं नुकसान व्हावं असं मनात नव्हतं." ते मला माहीत होतं. तसं सांगितलंही.

हप्ता आला नाही. निष्कर्षच नाही तर पैसे कशाचे, असं समितीने कळवलं. ज्या प्रकल्पांचे निष्कर्ष समाधानकारक होते, त्यांचे फोटो विद्यापीठाच्या कॅलेंडरवर आहेत. यंदा मी विहिरीमागच्या पडीक तुकड्यात पुन्हा कांदा लावलाय, विनाफंड. रस्त्यावरून दिसत नाही, हा त्या जागेचा मोठा गुण. अधीक्षक स्वतः पाणी देतात आणि कोणी खताची गोणी घेऊन तिकडून गेला तर त्याच्यावर खेकसतात. वाफे पिवळे आहेत. तुम्ही बरोबर होतात, असं म्हणायला मी हे लिहीत नाहीये. तुम्ही चूक होतात, असंही अजून म्हणता येत नाही. काढणी होऊ दे. जे निघेल ते ठेवीन, तुम्हाला आवडो न आवडो, आणि मला आवडो न आवडो.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुमच्या कानावर जायला नको. त्या सकाळी स्कूटर लावताना ते हिरवे वाफे दिसले, तेव्हा असा हिरवा रंग कंपोस्टचा नसतो हे मला बघताक्षणी कळलं होतं. तरी मी अधीक्षकांना लगेच काही विचारलं नाही. बांधावर उभी राहिले, कोणी ऐकत नाहीये हे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "बघा सर, बघा!"