हात घातला की थांबणारी प्रेस

श्टुटगार्ट, जर्मनी
रविवार, ६ जुलै २०२५

प्रिय पप्पा,

नमस्कार. आईला आणि रविराजलाही सांगा. मी बरी आहे, जेवण होतं, झोप होते. रोज फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं म्हणाल. फोन आई धरते. तुमच्या एकट्याशी बोलायचं तर पत्रच उरतं.

कोर्सच्या सहा आठवड्यांतले दोन संपले. सकाळी वर्ग, दुपारनंतर फिरणं. आम्ही चोवीस जण आहोत, अकरा देशांचे. किल्ला पाहिला, नदीतून बोटीनं गेलो, टॉवरवर चढलो. सगळं छान होतं. माझ्या खोलीत वाकडची मैत्री नावाची मुलगी आहे. ती कुठंही गेली की आधी फोटो काढते, मग वेळ उरला तर बघते! शुक्रवारी प्रत्येकानं आपापल्याकडचं काहीतरी रांधलं. मी आईनं दिलेल्या बेसनाचं पिठलं केलं. ब्राझीलच्या एका मुलानं ते ब्रेडला लावून खाल्लं आणि परत मागितलं. सगळे हसले, मीही हसले.

आतून मात्र काही होत नाही, पप्पा. पायाला मुंग्या आल्या की तो दुसऱ्याचाच वाटतो ना, तसं. इथं आल्यावर जाईल वाटलं होतं.

काल आम्हाला जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात नेलं. शेवटच्या दालनात पत्रा दाबून कापणारी पॉवर प्रेस होती. तुमच्या महाळुंग्याच्या कंपनीतली होती तशीच, फक्त हिरवी. लोकांना दाखवायला ती हळू चालवतात. गाईडबाई म्हणाल्या, मध्ये हात घाला, सेन्सर तिला जागच्या जागी थांबवेल. लगेच रांग लागली. हात घालायचा, प्रेस थांबायची, फोटो, टाळ्या. मैत्री म्हणाली, "चल गं, तुझा काढते." मी उजवा हात घातला. प्रेस थांबली. फोटो निघाला, तरी मी हात काढला नाही. मागचे खोळंबले तेव्हा मैत्रीनं मला ओढलं. मग आम्ही आइस्क्रीम खाल्लं. पिस्त्याचं.

आता लिहिते.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही प्रेसच्या पॅनेलचा फोटो पाठवलात. धुळीमुळे सेन्सर सारखी प्रेस बंद पाडतो, टार्गेट होत नाही, सुपरवायझर डोकं खातो, काही करता येईल का? तुमच्या कामातलं तुम्ही मला पहिल्यांदाच विचारलं होतं. मला इतका आनंद झाला की पाच मिनिटांत फोटोवर लाल रेघ मारून परत पाठवला: ही दोन टोकं वायरनं जोडा, मग सेन्सर प्रेस थांबवणार नाही. तुम्ही जोडलीत. नवव्या दिवशी तुमची चार बोटं गेली.

चौकशीत तुम्ही सांगितलंत, वायर कुणी जोडली माहीत नाही. पॅनेल धनेशकाकांच्या ताब्यात, म्हणून त्यांना कामावरून काढलं. तेव्हापासून ते रिक्षा चालवतात. दवाखान्यात तुम्ही मला म्हणालात, "तू कुटं काय बोलू नको. तुला शिकायचंय." मी बोलले नाही. शिकले. मी निघाले त्या दिवशी धनेशकाकाच रिक्षा घेऊन आले. नाशिक फाट्यावर विमानतळाच्या बसपाशी माझी बॅग उतरवताना अनोळखी माणसांना सांगत होते, "आपली पोरगी जर्मनीला चालली, भाऊ!" मला त्यांच्याकडे बघवेना.

सोबत दुसरं पत्र आहे, ते धनेशकाकांना. लाल रेघ मी मारली, एवढंच त्यात आहे. वायर कुणी जोडली ते मी लिहिलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. कंपनीनं तुम्हाला गेटवर ठेवलंय, तेही जाईल, ही भीती मलाही आहे. पण इंजिनिअर होऊन मी कुणाच्या प्रेसला सेन्सर बसवू, पप्पा? मला तुमची लाज वाटत नाही. माझी वाटते.

पाकीट चिकटवलेलं नाही. तुम्ही वाचा, मग द्या. चार ऑगस्टला मी नाशिक फाट्यावर उतरेन. घ्यायला तेच येणार आहेत. तोवर त्यांना पत्र मिळालं नसेल, तर रिक्षात बसण्याआधी मी तिथंच उभ्या उभ्या सांगेन.

डाव्या हातानं सही करायला शिकलात, असं आई म्हणाली. बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

तुमची,
फोटोवर लाल रेघ मारणारी
करिष्मा