लाल दोऱ्याचं पातेलं

अहो,

शिलाई मशीन जरा थांबवा आणि हे वाचा.

महिनाभर मी दोन सारख्या पातेल्यांत वेगवेगळी भाजी करतेय. तुमच्या अळणी भाजीच्या पातेल्याला ओळखीसाठी लाल दोरा, माझं बिनदोऱ्याचं. तरी काल तुमचं बीपी वरच. डॉक्टर माझ्यावरच डाफरले.

आज सकाळी पातेली घासताना दोऱ्याकडे लक्ष गेलं. माझी गाठ गबाळी असते, तुम्हीच हसता तिला. ही इवलीशी, घट्ट, टोकं कातरलेली. बटण लावताना मारता तीच! म्हणजे मी हात धुवायला वळले की दोरा या पातेल्याचा त्या पातेल्याला. साठी उलटली तरी पोरकटपणा जात नाही.

आणि मी वेडी! जेवणाला चव लागेना, तेव्हा वाटलं, माझ्याच जिभेला काहीतरी भलतंसलतं झालंय. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून बोलले नाही. तुम्ही मात्र समोर बसून मिटक्या मारत होतात.

दवाखान्यात खरं काय ते सांगायला चाललेय. मिठाची बरणी माझ्या पिशवीत आहे, घर उलथंपालथं करू नका. भाजीत लसूण आणि मिरपूड आहे, वर लिंबू पिळून घ्या.

आजपासून दोन्ही पातेली अळणी. दोरा हवा तिथे बांधा. तुमच्या माघारी एकटीपुरतं चवीचं रांधायची मला हौस नाही.