खंडेनवमीचा बर्फ

अण्णा, या खंडेनवमीला तुमची गाडी चालली. पंधरा पावलं, शेडच्या दारापासून कडुनिंबापर्यंत. हे आधी सांगते, कारण तुम्हाला गोष्ट शेवटाकडून ऐकायची सवय होती. आई गल्लीतलं भांडण सांगायला लागली की तुम्ही म्हणायचात, शेवटी कोण गप्प बसलं ते सांग, मग बाकीचं.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. शेड जुळे सोलापूरच्या मागं होती तिथंच आहे. तेव्हा भोवती माळ होता, आता फ्लॅट आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पत्रे बदलले, भिंतींना चुना दिला आणि दारावर पाटी लावली : बर्फावरच्या जुन्या गाड्यांचं संग्रहालय. दोन गाड्या तुमच्या, दोन मी नंतर मिळवल्या. चारही फौजेच्या मोडीतून आलेल्या. धूळ बसू नये म्हणून त्यांच्यावर सोलापुरी चादरी घालते. सकाळी दहाला काढते, सहाला पुन्हा घालते. शाळांच्या सहली येतात. मुलं विचारतात, बाई, सोलापुरात बर्फ पडतो का? नाही, मी म्हणते. मग ह्या इथं कशाला? याला माझ्याकडे यंदापर्यंत नीट उत्तर नव्हतं. माझे वडील फौजेत मेकॅनिक होते आणि त्यांना ही यंत्रं आवडायची, एवढं सांगून मी पुढच्या गाडीकडे जायची. तुम्ही आम्हालाही तेवढंच सांगितलं होतं. आईला तर म्हणाला होतात, स्वस्तात मिळाली.

पहिली गाडी आली तो दिवस मला आठवतो. ट्रकवाल्याला पुढं दुसरीकडे जायचं होतं, म्हणून त्यानं ती टेंभुर्णीला उतरवली. तिथून तुम्ही ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलीत, सगळी वाट तिच्याशेजारी उभं राहून. मोहोळला चहाला थांबलात तर माणसं जमली. कुणी म्हणालं पेरणीचं यंत्र आहे, कुणी म्हणालं कडबा कापायचं. बर्फावर चालतं, असं तुम्ही सांगितलंत. एक म्हातारा ट्रॉलीला पूर्ण फेरी मारून आला आणि म्हणाला, "मग हितं काय करनार?" तुम्ही म्हणालात, ठेवणार. घरी येऊन हे सांगताना तुम्हाला हसू आवरत नव्हतं.

आई हळदकुंकू आणि दोन लिंबं घेऊन बाहेर आलेली आहे. नवी गाडी लिंबावरून न्यायची असते. ती गाडीभोवती फिरते. चाकं नाहीत. पुढं दोन लांब पट्ट्या, टोकाला वर वळलेल्या, आणि मागं रुंद रबरी पट्टा. लिंबू कशाखाली ठेवू, ती विचारते. तुम्ही पुढच्या पट्ट्यांकडे बोट दाखवता. ती लिंबं ठेवते आणि पदर सावरून, बाजूला होऊन वाट बघत उभी राहते. ही गाडी इथं हलणार नाही, हे तिला सांगायचं तुमच्या जिवावर येतं. तुम्ही मलाच पाणी आणायला पाठवता. तेव्हापासून दर खंडेनवमीला ती गाडीखाली दोन ताजी लिंबं ठेवते आणि आदल्या वर्षीची, वाळून सुपारीएवढी झालेली, उचलून घेते. तुम्ही गेल्यावरही तिनं एक वर्ष चुकवलं नाही.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. गाडीवर बसून तोंडानं आवाज काढायची. एकदा इंजिन चालू करायच्या दोरीला हात घातला आणि मागून तुमचा आवाज आला, "हात काढ." तुम्ही कधी आवाज चढवत नव्हता, त्यामुळे तेवढंही मला पुरलं. मग तुम्ही माझ्याशेजारी शहाबादी फरशीवर बसलात, माझा तळवा धरलात आणि फरशीवर जोरजोरात घासलात. तळवा तापला. मग तुम्ही तांब्यातलं पाणी फरशीवर ओतलंत आणि पुन्हा घासलात. आता हात नुसता सरकत होता. "पट्टा आत ज्याच्यावर घसरतो ना, ते बर्फानंच गार राहतं," तुम्ही म्हणालात. "बर्फ नसेल तर जळतं. बर्फ असल्याशिवाय हिला चालू करायचं नाही. मीसुद्धा नाही." आणि तुम्ही खरंच कधी केली नाहीत. महिन्यातून एकदा इंजिन हातानं फिरवायचात, तेल सोडायचात, पुसायचात.

त्याच उन्हाळ्यात आईनं दूध करपवलं होतं. तुम्ही गावातून आलात तर घरापासून शेडपर्यंत वास भरलेला. लक्ष कुठं असतं, असं तुम्ही विचारलंत. ती पातेलं घासत राहिली. पुढं तुम्ही तिला जन्मभर चिडवलंत. ती चहा ठेवायला उठली की म्हणायचात, बघ हं, चहातही दूध असतं. तिनं साधी भाकरी कधी करपवली नव्हती, पण ती हसून घ्यायची.

आता यंदाचं सांगते. उन्हाळ्यात एक म्हातारे गृहस्थ सुनेचा हात धरून आले. मोहोळचे. फौजेत तुमच्याबरोबर होते म्हणाले. मी त्यांना काका म्हणू लागले. त्यांनी बाकी गाड्यांकडे पाहिलंही नाही. पहिलीपाशी गेले, खाली बसले आणि डावीकडच्या पट्टीवरून बोटं फिरवत नेली. मधल्या जोडावर थांबले. ही वेल्डिंग मी रोज पाहते आणि सहलींना सांगते की जुना दोष आहे.

काका म्हणाले, तो जोड तुम्ही मारलेला आहे. त्या दिवशी वरच्या चौकीवर बर्फाच्या चकाकीनं त्यांचे डोळे गेले होते, काही दिवसांपुरते, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक. गाडी चालवणारा आजारी होता. तुम्ही मेकॅनिक, चालवायचा हुकूम नव्हता. तुम्ही त्यांना मागं बसवलंत, स्वतःच्या कमरेला बांधलंत आणि खालच्या तळाकडे निघालात. वाटेत पट्टी मोडली. तुम्ही ती कमरेच्या पट्ट्यानं आवळलीत आणि पुढं निघालात. खाली पोचल्यावर आधी तुम्हाला बोलणी बसली, मग पाठीवर थाप, आणि पट्टीला जोड तुम्हीच मारलात. काका हे सांगत होते आणि मी तुमच्या गाडीकडे अशी बघत होते जशी आई त्या पहिल्या दिवशी बघत होती.

"एकदा चालू कर की, पोरी," ते म्हणाले. "डोळं बांदल्यालं हुतं माजं. म्या तिचा निस्ता आवाजच बगितलाय." त्यांचा उजवा कान गेला होता. डाव्या कानानं ऐकू येत होतं, पण दर महिन्याला थोडं कमी. दिवाळीपर्यंत पुरला तर पुरला, ते सहज म्हणाले, जसं कुणी घरातल्या तेलाबद्दल म्हणतं.

तुमचा शब्द एकीकडे आणि काकांचा कान एकीकडे. दोन दिवस मी चादरी काढल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी दारासमोर गाडा लावणाऱ्या गोळेवाल्या चाचांनी गाड्यावरूनच विचारलं की संग्रहालय बंद का. त्यांना सांगितलं. ते गोळ्यासाठी बर्फ किसत होते. किसता किसता थांबले. हातातल्या बर्फाकडे बघितलं, मग गाडीकडे. "बर्फच हौना? मैं लातूँ आपा. फिकर नक्को करो."

चार महिने लागले. कार्बोरेटर मी सोडवला, धुतला, पुन्हा जोडला. पेट्रोलची नळी नवी घातली. चौकात लुना दुरुस्त करणारा आहे, त्यानं तेलाचं प्रमाण सांगितलं आणि वर म्हणाला, बाई, आतून ही लुनाच आहे, फक्त अंगानं सुटली आहे. खंडेनवमीच्या सकाळी चाचांनी टेम्पोतून बर्फाच्या लाद्या आणल्या, भुशात आणि पोत्यांत गुंडाळलेल्या. लाद्या पोत्यात घालून फोडायच्या होत्या. गल्लीतल्या बायका कपड्यांची धोपाटणी घेऊन आल्या. अण्णा, ऑक्टोबरच्या उन्हात बारा-पंधरा बायका ओळीनं बसून बर्फ बडवत होत्या आणि एकमेकींना सुना-सासवांची नावं घेऊन हसत होत्या. फोडलेला बर्फ दारापासून झाडापर्यंत पसरला. अर्धा मुलांनी खाल्ला. काकांना झाडाखाली खुर्चीवर बसवलं, डावा कान वाटेकडे करून.

मी बसले. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. आठ वेळा ओढली. बर्फाच्या कडेनं पाणी सुटलं आणि गटाराकडे निघालं. चाचा पाण्याकडे बघत होते, मी चाचांकडे. नवव्यांदा दोरी धरली तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. लिंबू ऱ्हायलं."

तिला आता काठी लागते. ती सावकाश घरात गेली. बर्फ वितळत होता आणि एकही माणूस तिला लवकर ये म्हणायला धजावत नव्हता. मी मान खाली घालून बसले होते, म्हणून मला दिसलं : पेट्रोलचा कॉक बंद होता. मी उघडलाच नव्हता. हळूच उघडला. आई आली, वाकली, दोन्ही पट्ट्यांपुढं एकेक लिंबू ठेवलं, कुंकू लावलं आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली. मी दोरी ओढली. गाडी पेटली.

सगळी गल्ली लिंबाचाच गुण मानते. मी कुणाला काही सांगितलेलं नाही.

आवाज शेडच्या पत्र्यांवर आदळून परत येत होता. लिंबं फुटली. पंधरा पावलं म्हणजे किती, तुम्ही म्हणाल. पुष्कळ. बर्फ माझ्या साडीवर, चष्म्यावर उडत होता, निळा धूर पसरला होता, बायका धोपाटणी उंच धरून ओरडत होत्या. झाडापाशी मी थांबले, पण इंजिन बंद केलं नाही. काका उठून आले. त्यांनी डावा कान गाडीजवळ आणला आणि डोळे मिटले. "व्हय," ते म्हणाले. "हीच." मग मी इंजिन बंद केल्यावर ते मोठ्यानं, कानानं अधू माणसं बोलतात तसं म्हणाले, "तुजा बाप वाटंभर मला सोलापूरचं ऊन सांगत हुता. आता घरी दुपार आसंल, फरशी तापली आसंल, बायको दारात पानी मारत आसंल. निस्तं ऊन, ऊन. म्हनून त्या गारठ्यात मी झोपलो न्हाय."

आईनं हे ऐकलं. स्वस्तात मिळाली म्हनं, ती म्हणाली, आणि उरलेला बर्फ पायानं दाराकडे सारत राहिली. मग तिनं नाक वर केलं, धुराचा वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दूद करपलं वाटतं." आम्ही दोघी इतक्या हसलो की काकांच्या सुनेनं विचारलं काय झालं. आम्ही सांगितलं नाही.

संध्याकाळी मी गाडीखाली निजून बॅटरीनं बघितलं. पट्टा चांगला आहे. काही जळलं नाही, तुमचा शब्द मोडला नाही. आत फक्त तो एक जुना काळा डाग आहे. तुम्हाला तो फौजेतला वाटायचा. कुणीतरी हिला कोरड्यात चालवलंय, असं तुम्ही हळहळून म्हणायचात.

हे पत्र सीटखालच्या हत्यारांच्या खणात, तुमच्या पान्यांशेजारी ठेवते. उद्या एक सहल आहे. मुलांना विचारू दे, इथं कशाला.

तो डाग माझा आहे, अण्णा. तुम्ही तळवा घासून दाखवलात त्यानंतर आठच दिवसांनी. तुमच्या स्कूटरमधलं पेट्रोल काढलं होतं. आई धावत आली, जळक्या रबराचा वास घेतला. आत गेली, स्टोव्ह मोठा केला आणि दुधासमोर उभी राहून ते करपू दिलं.

सात-आठ सेकंदच चालली. आवाज फार छान होता.