फ्रिज दारात, मी आत

११ एप्रिल, सकाळी ८
फ्रिज गेला. दूध नासलं, लोण्याचं पाणी झालं. बायकोला बातमी द्यायच्या आधी तिनेच मला दिली, आणि तीही अशा आवाजात, जसं काही मीच त्याला मारलं.

चार वर्षांपूर्वी आम्ही ही बोट घेतली आणि इथेच राहायला आलो (कल्पना माझी). फ्रिज बोटीबरोबरच मिळाला होता. बायको म्हणाली, फिटरला बोलवू. मी म्हटलं, तीस वर्षं गोदाम सांभाळलंय. चारशे पोती मावत नव्हती तिथे सहाशे बसवली आहेत. फ्रिज म्हणजे काय, एक उभं पोतं!

सासरे पेपराआडून म्हणाले, जावईबापू, पोतं दाबलं की दबतं.

सासरे गुडघा बरा होईपर्यंत महिनाभरासाठी आले होते. दोन वर्षं झाली. त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, ते गारच लागतं. म्हणून उशीर चालणार नाही. निश्चय: दोन दिवसांत जुना बाहेर, नवा आत. तोवर इन्सुलिन बर्फाच्या पेटीत. शेजारच्या बोटीवरच्या वेल्डरबाई म्हणाल्या, माझ्या फ्रिजमध्ये ठेवा की. मी नको म्हटलं. आपण कुणाचे उपकार घेत नाही.

१२ एप्रिल
मापं घेतली. केबिनचं दार ६० सेंटिमीटर. बोटीला दार एकच, त्यामुळे गोंधळाला वाव नाही. दुकानात दोन दारांचा फ्रिज पसंत केला. रुंदी ५८. दोन सेंटिमीटर शिल्लक!

दुकानदाराने विचारलं, सगळं मोजलंय ना? तीस वर्षं गोदाम सांभाळलेल्या माणसाला हा प्रश्न. मी फक्त हसलो.

संध्याकाळी हमालांनी फ्रिज धक्क्यावर आणला, बोटीवर यायची फळी पाहिली आणि तिथूनच नमस्कार केला. आजकाल कामाची हौसच नाही कुणाला. नवा फ्रिज धक्क्यावर उभा आहे. रुबाबदार दिसतो.

१३ एप्रिल
९.०० जुना फ्रिज उचलला.
९.०१ ठेवला. पाठ.
९.३० नवं तंत्र. फ्रिजखाली चादर घालून ओढायचा. चादर आली. फ्रिज तिथेच.
१०.४५ पायऱ्यांपर्यंत पोचलो. तीनच पायऱ्या आहेत. मी खालून ढकलणार, बायको वरून दोर ओढणार, सासरे सूचना देणार. सूचना नको म्हटलं तरी देणार.
११.२० फ्रिज दारात आला. अर्धा बाहेर, अर्धा आत. बायको ओरडली, थांबा! मी नेमका तेव्हाच जोर लावला.
११.४० फ्रिज हलत नाही. पुढे नाही, मागे नाही. मी आतल्या बाजूला आहे.
१२.१५ बायकोने फटीतून विचारलं, आता तुम्ही बाहेर कसे येणार? मी म्हटलं, कामावर देखरेख आतूनच नीट होते.
१.०० खिडकीतून प्रयत्न केला. डोकं गेलं, एक खांदा गेला. पुढचं बोलण्यात अर्थ नाही.
२.३० जुना फ्रिज मोजला. तळाशी ६२. हे शक्य नाही. जी वस्तू आत गेली ती बाहेर येतेच, हा गोदामाचा पहिला नियम आहे.
४.०० बायको खिडकीशी आली. आवाज वेगळा होता. बाबांचं इन्सुलिन कुठाय?

आतच होतं. पेटी उघडली. बर्फाचं पाणी झालेलं, बाटली त्यात तरंगत होती. बर्फ सकाळी आणायचा होता, मी आणला नव्हता. पाण्यात हात घालून पाहिला. अजून गार होतं, पण जेमतेम. बाटली रुमालात गुंडाळून खिडकीतून दिली. बायकोने ती ओढूनच घेतली. धावत वेल्डरबाईंच्या बोटीवर गेली. काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

६.०० बायको आणि सासरे आज वेल्डरबाईंकडेच राहणार. तिकडून हसण्याचे आवाज येतात. विषय कोणता ते कळलं नाही. अंदाज आहे.

१४ एप्रिल, सकाळी ९
खिडकीतून चहा आला. पाठोपाठ सासरे. धक्क्यावर खुर्ची टाकून बसले. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी तयारीत होतो. इन्सुलिन ठीक आहे, म्हणाले.

मग म्हणाले, जावईबापू, लग्न नवीन होतं तेव्हा मी स्वतःच्या हाताने एक कपाट बनवलं. खोलीतच बनवलं. तयार झाल्यावर दारातून निघेना.

मी विचारलं, मग काय केलंत?

म्हणाले, अकरा वर्षं त्याच खोलीत संसार केला. बिऱ्हाड बदललं तर कपाटासाठी दाराची चौकट फोडावी लागणार, मग घरमालक काय म्हणेल याची भीती होती. तुमच्या सासूबाईंना सांगितलं, जागा लकी आहे.

माणूस वाईट नाही.

११.००
वेल्डरबाई पाहणी करून गेल्या. म्हणाल्या, अशा बोटींत आधी स्वयंपाकघर बसवतात, मग वरून छत वेल्ड करतात. हा फ्रिज दारातून आत गेलेलाच नाही. मी म्हटलं, मला तशी शंका होतीच. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पाण्याकडे.

उपाय: मोठ्या खिडकीची अख्खी चौकट काढायची. बारा बोल्ट. नट आतल्या बाजूला, आणि आत फक्त मी. म्हणजे शेवटी सगळं माझ्यावरच आलं.

दुपारी १.३०
पहिले चार नट तासभर उलटे फिरवले. आता ते जरा जास्तच घट्ट आहेत.

४.००
चौकट निघाली. सगळ्यात आधी मी बाहेर आलो. धक्क्यावर तीन माणसं उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ओळखीची नव्हती. मग वेल्डरबाईंनी दोर आणि फळ्या लावून जुना फ्रिज मागे आत घेतला आणि खिडकीतून वीस मिनिटांत बाहेर काढला. माझं मार्गदर्शन त्यांनी ऐकलं नाही, म्हणून वीस. नाहीतर पंधरा.

५.१०
नवा फ्रिज खिडकीतून अलगद आत गेला. रुंदी अचूक! मी म्हणालोच होतो. मग उभा करायला गेलो.

उंची मोजायची राहिली होती.

फ्रिज केबिनमध्ये आडवा आहे. छत चार बोटं खाली आहे. सासऱ्यांनी विचारलं, छत वर घ्यायचं का? त्यांना सकाळी चांगलं म्हटलं ते मागे घेतो.

१५ एप्रिल
बायको आणि वेल्डरबाई दुकानात गेल्या. मला बरोबर नेलं नाही. पाठ दुखतेय म्हणून असेल. मोठा परत देऊन एका दाराचा छोटा फ्रिज आणला. दोघींनीच आत नेला, जागेवर बसवला, चौकट लावली. मला नट पिशवीतून एकेक काढून द्यायचं काम होतं. एक पाण्यात पडला. उरलेले सगळे दिले.

१६ एप्रिल, दुपारी
फ्रिज उत्तम चालतो. इन्सुलिन वरच्या कप्प्यात, सासऱ्यांनी स्वतः ठेवलं. गार पाण्याचा पहिला ग्लास वेल्डरबाईंना, दुसरा सासऱ्यांना. तिसऱ्याच्या वेळी बाटली रिकामी झाली.

बायको म्हणाली, अहो, आजपासून बाटल्या भरून ठेवायचं काम तुमचं. एवढंच करा, बाकी कशाला हात लावू नका.

म्हणजे पाण्याचा पूर्ण विभाग माझ्याकडे. लगेच सहा नव्या बाटल्या घेऊन आलो, चांगल्या मोठ्या.

४.३०
उभ्या बसत नाहीत. आडव्या ठेवल्या की गळतात. बायकोला अजून सांगितलेलं नाही.