इंजिनवरचं ओलं फडकं

उस्ताद, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मधे लढाई झाली, संपली, पेट्रोल पुन्हा मिळू लागलं. आज तुमचा राग आला म्हणून लिहायला बसलो. इतक्या उशिरा राग येऊ शकतो, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मस्तगडला तुमच्या हाताखाली आलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. गावच्या शाळेत शिकलेला, गंध लावल्याशिवाय पाणीही न पिणारा माणूस. तुमचा भाचाही तिथेच शिकत होता. "महाराज, मोटारीलाबी गंध लावा की," असं म्हणून तो मला चिडवायचा. तुम्ही त्याला दटावायचात, "त्याचा भाव पाह्य. तुझ्यापेक्षा जल्दी शिकल तो." हे मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं.

उभ्या गाडीचं इंजिन अडखळू लागलं की प्लग काढून घासायचा, कार्बोरेटर उघडून त्याचं बारीक भोक फुंकायचं, हवेचा स्क्रू जरासा फिरवून ऐकायचं. हे सगळं तुम्ही मला मन लावून दाखवलंत. पण एखादं इंजिन त्यानंही ऐकत नसे. रेस दिली की ठीक, सोडली की पुन्हा लंगडायचं. तेव्हा तुम्ही खांद्यावरचं फडकं बादलीत बुडवून तोंड पुसायचात आणि म्हणायचात, "आता आपल्या हाती न्हाई. डोळे मिटा अन् देवाचं नाव घ्या." आम्ही मिटायचो. गाडीचा मालकसुद्धा टोपी सारखी करून मिटायचा. नाव घेता घेता इंजिनचा आवाज सुतासारखा सरळ व्हायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. मग, "गाडी राहू द्या, उद्या न्या," म्हणून तुम्ही मालकाला वाटेला लावायचात आणि मला बाजारात धाडायचात. तुमचा भाचा नाव घेताना डोळे किलकिले ठेवायचा. मला त्याची कीव यायची.

मग टेंभुर्णीच्या मोटार सर्व्हिसला मिस्त्री हवा होता तो दिवस. शेठजींनी अडखळणारी गाडी माझ्या आणि तुमच्या भाच्याच्या पुढे उभी केली आहे. पहिली पाळी माझी. प्लग झाला, कार्बोरेटर झाला, स्क्रू झाला. इंजिन तसंच. मी बॉनेटवर हात ठेवतो, डोळे मिटतो, नाव घेतो. पुष्कळ वेळ घेतो. उतारू हसू लागतात. "मिस्त्री, गाडी झोपली का तूच झोपला?" मी डोळे उघडून तुमच्याकडे पाहतो. तुम्ही शेठजींना म्हणता, "काम बराबर केलं त्यानं. पण श्रद्धाच कच्ची हाये, त्याला मी काय करू?" मग तुमचा भाचा पुढे होतो, फडकं भिजवतो, सगळ्यांना डोळे मिटायला लावतो. आवाज सरळ होतो. जागा त्याला मिळते.

मी तुमचं बोलणं खरं धरलं, उस्ताद. मोटारी सोडून जिनिंगच्या बॉयलरवर लागलो. उपास वाढवले, पायातला जोडा सोडला, गोड सोडलं. बायको म्हणाली, "अवो, आता सोडायचं राह्यलंच काय?" कुठं कमी पडतो, ते मी देवाला विचारत राहिलो.

यंदा बॉयलर बंद पडला म्हणून पुन्हा मोटारीकडे वळलो. परवा केदारखेड्याला एक लॉरी तशीच अडखळत उभी होती. सगळं करून पाहिलं. ऊन फार होतं म्हणून मानेवर ओलं फडकं टाकलं होतं. वाकलो तसं ते घसरून कार्बोरेटरवरच्या नळीवर पडलं आणि इंजिन सरळ झालं. मी नाव घेतलं नव्हतं. फडकं उचललं, लंगडलं. पुन्हा टाकलं, सरळ. नळी इंजिनला जिथे जोडलेली असते तिथलं पॅकिंग फाटलं होतं, बाहेरची हवा आत ओढली जात होती. ओल्या फडक्यानं फट तेवढी बुजत होती. आमचे डोळे मिटले की तुम्ही तेच करायचात, आणि मला बाजारात धाडून मागे पॅकिंग बदलायचात.

एवढंच होतं.

ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, जादू केली का काय?" म्हटलं, "जादू बिलकुल न्हाई. इकडं ये, तुझ्या हातानं फडकं ठेव अन् पाह्य." उघड्या डोळ्यांनी त्याला सगळं दाखवलं.

जागा गेली त्याचं एवढं वाटत नाही. कसब लपवणारे उस्ताद पुष्कळ असतील. तुम्ही "जा, न्हाई शिकवत" म्हणाला असतात तर मी नमस्कार करून गेलो असतो. पण तुम्ही देवाला आड उभं केलंत आणि कमी माझ्यात आहे असं सांगितलंत. तेही मी विश्वास ठेवीन हे ओळखून. कारण आपल्या तिघांत डोळे खरे मिटणारा मी एकटाच होतो.

हा कागद पाठवायचा कुठे? घडी करून पोथीखाली ठेवतो. एक मात्र सांगून टाकतो. आज आरतीला सवयीनं डोळे मिटले, नाव घेतलं आणि हळूच किलकिले केले. पुजाऱ्याचे हात काय करून राह्यलेत, ते पाहत होतो.