आत्याचं खाचर

सातपूर, नाशिक
१२ मे

प्रिय दिनेशदादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. इकडे आम्ही ठीक आहोत.

तू सहीसाठी पाठवलेलं, बाबांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र मिळालं. सोबत एआयच्या उत्तराचा फोटो: आदिवासींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, म्हणून मुलीला वडिलांच्या जमिनीत हक्क नाही. खाली तुझी ओळ, ‘वाच आणि सही कर.’

वाचलं. मीही त्यालाच विचारलं होतं, बरं का. मला म्हणाला, मुलीला मुलाइतकाच वाटा. मी नाचलेच. आपण कोकणा आदिवासी आहोत, हे सांगायचंच राहिलं होतं.

मग दोन्ही उत्तरं घेऊन कोर्टातल्या मोफत सल्ला केंद्रात गेले. तिथल्या निकिता वकिलांनी दोन्ही वाचली आणि बाजूला ठेवली. कायदा लागू नाही, हे तुझं खरं. पण म्हणून हक्कच नाही, हे एआयने आपल्या मनाने जोडलं. मुलीला वाटा न देण्याची रूढी आहे, असं जो म्हणतो त्यानेच ती सिद्ध करायची असते. त्यांनी याच मुद्द्यावरचा सुप्रीम कोर्टाचा मूळ निकाल उघडून दाखवला, मग विचारलं, "तुमच्या घरात कुणा मुलीला जमीन मिळालीय का?"

भागीआत्या, दादा. आजोबांनी वाटणीत दिलेलं ओढ्यालगतचं खाचर ती अजून लावते. मोबाइलला ते ठाऊक नाही. तुला आहे. तिथला भात आपण दोघांनी खाल्लाय.

आत्याला फोन केला. म्हणाली, "माझ्या बापानं दिलंय. कुठंबी येऊन सांगते, मला कुणाचं भ्याव हाय?"

आता टाळत होते ते लिहिते. वर ‘आम्ही ठीक’ लिहिलं, त्यातलं ‘आम्ही’ म्हणजे फक्त मी आणि मुलगी. होळीनंतर मी सासर सोडलं. माझ्यावर हात उठायचा तोवर गप्प राहिले, पोरीवर उठला तेव्हा निघाले. तुला कळवलं नाही, कारण तू ‘परत जा’ म्हणाला असतास. दादा, मला परत यायचंय, पण आपल्या गावी.

हक्कसोडपत्र कोरंच परत पाठवते आहे. पावसाआधी आत्याकडे उतरेन. माझ्या वाट्यात यंदा भात मी लावणार. बांधावर उभं राहून भांडायचं तर भांड, नाहीतर चिखलात उतरून आवणीला हात लाव. जेवण माझ्याकडे.

माझी सही तुला हवी होती ना? ही घे.

तुझी धाकटी बहीण,
पुंजाबाबांची मुलगी
ज्योत्स्ना